दुसरा रकाना

१

खुशालराव दुकानात शिरले ते काखेत स्टीलचा डबा घेऊन. मागून त्यांची नात आचल, आणि तिच्याही मागून दोन शेजारी. शेजारी कशाला आणले होते ते लवकरच कळलं. बडनेऱ्याचा हा माणूस भांडायला निघाला की साक्षीदार घरूनच घेऊन निघायचा.

अमरावतीत राजापेठेतल्या त्या दुकानाचं नाव 'कणीस'. पाटी वाचून सुरुवातीला काही शेतकरी बियाणं मागायला आले होते. इथे विकलं जायचं ते मात्र तळहातावर मावणारं एक मशीन. एक बोर्ड, त्यावर चिप, चिप थंड ठेवायला ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या, वर पंखा, पुढे काडेपेटीएवढा स्क्रीन आणि सगळ्याला धरून एक काळी बॉडी. त्याला सगळे 'दाणा' म्हणत. दाणा इंटरनेटला जोडून ठेवला की तो आकडे ओळखत बसतो. जगभर असंख्य मशीनं त्याच खटपटीत असतात, आणि जो आधी बरोबर ओळखेल त्याला बिटकॉइनचं बक्षीस. मोठमोठ्या कंपन्या यासाठी गोदामंच्या गोदामं मशीनं लावतात. त्यांच्यापुढे दाणा म्हणजे हत्तीपुढे मुंगी. दुकानाचा भागीदार अंकुर गिऱ्हाइकाला आधीच सांगून मोकळा व्हायचा, "लागला त लागला, नाई त पंख्याची हवा घ्या." तरी लोक घ्यायचे. नशिबावर माणसाचा भरवसा कधी सुटत नाही.

आणि खुशालरावांचा दाणा लागला होता.

त्यांनी डबा उघडला, टॉवेलात गुंडाळलेलं मशीन काढलं आणि दीक्षाच्या टेबलावर ठेवलं. तिनं वायर लावली तशी स्क्रीनवर 'ब्लॉक सापडला' अशी अक्षरं आली, म्हणजे आकडा बरोबर ओळखला होता.

"सापडला म्हनते," खुशालराव म्हणाले. "मंग बक्षीस कुठं हाय?"

"आमच्या पत्त्यावर आलंच नाई," आचल म्हणाली. "भलत्याच पत्त्यावर गेलं."

दीक्षानं मशीन कॉम्प्युटरला जोडलं. तक्रारी पाहणं तिचं काम. तिचा नवरा संघपाल आणि अंकुर, दोघांनी हे दुकान उभं केलं. संघपालनं मशीन बनवायचं, अंकुरनं विकायचं, बिघडलं की दीक्षानं लोकांची बोलणी खायची, अशी वाटणी होती. हिवाळ्यात नागपूर हायवेवर अपघातात संघपाल गेला. दीक्षा त्यानंतर थोड्याच दिवसांत कामावर आली. जेवत होती, बोलत होती, पार्सलं उघडत होती. पण तिला काही म्हणता काही वाटत नव्हतं. अंगाखाली हात दबून झोपलं की उठल्यावर तो आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. लोकांना आधी तिचं कौतुक वाटलं, मग थोडी भीती वाटायला लागली.

मशीनच्या सेटिंगचं पान उघडलं. त्यात पत्त्याचे दोन रकाने असतात. पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांब माळ. बक्षीस त्या माळेच्या मालकाला मिळतं. मशीन पहिल्या रकान्याप्रमाणे काम करतं. तिथला सर्व्हर, म्हणजे मशीन ज्याच्याशी जोडलेलं असतं तो लांबचा कॉम्प्युटर, बंद पडला तरच ते दुसऱ्या रकान्याकडे वळतं, आणि विकलेल्या मशीनमध्ये हा दुसरा रकाना रिकामा असतो.

पहिल्या रकान्यात खुशालरावांचा पत्ता नीट होता. आचलनं तो स्वतः भरला होता. बक्षीस लागलं त्या दुपारी पहिला सर्व्हर थोडा वेळ बंद होता, हेही दिसलं.

दुसरा रकाना मात्र रिकामा नव्हता. तिथे एक अनोळखी पत्ता होता, आणि पत्त्याच्या शेवटी, मशीनला ओळखायला देतात तसं नाव जोडलेलं होतं.

संघपाल.

२

"म्हंजे मेलेला मानूस चोर निघाला," खुशालराव म्हणाले.

सोल्डरिंग करणाऱ्या किशोरनं हातातली इस्त्रीसारखी तापलेली काडी खाली ठेवली. अंकुर काउंटरवरून उठून आला, पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"माह्या मशीनमधी चोरून सोताचा पत्ता घालून ठेवला," खुशालराव शेजाऱ्यांकडे वळून सांगू लागले. "सर्व्हर बंद पडला का माल याच्या घरी. सोमवारी मी पोलिसात जातो. पेपरवाल्याले बी सांगतो."

दीक्षाला खरं तर राग यायला हवा होता. ती जरा वेळ वाट पाहत राहिली. आला नाही. पण वाटत नसलं तरी कळत होतं. संघपालजवळ मागे ठेवण्यासारखं एक नावच होतं. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात त्याचे वडील, डोमाजी, रोज चौकात बसून कोणाकडून तरी पेपर वाचून घेत. सोमवारनंतर त्यांना काय वाचून दाखवतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

अंकुरनं तिला आत नेलं.

"वहिनी, कबूल करून टाकू. म्हनू, संघपालनं केलं, आमाले ठाऊक नव्हतं. खुशालराव शांत होईल, दुकान वाचन."

"अन् संघपाल?"

"त्याचं आता काय बिघडते वहिनी?"

अंकुर वाईट माणूस नव्हता. संघपालच्या पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत तो स्वयंपाकघरात गॅसचे सिलिंडर वाहत होता. म्हणूनच त्याचं हे बोलणं दीक्षाच्या लक्षात राहिलं. ती बाहेर आली आणि ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"खोलू नका वहिनी," अंकुर घाईनं म्हणाला. "बॉडी खोलली का वॉरंटी जाते."

दीक्षानं त्याच्याकडे पाहिलं. "वॉरंटी आपलीच हाय अंकुर. जाऊन जाऊन कुठं जाईन?"

शेजाऱ्यांपैकी एकजण हसला. खुशालराव हसले नाहीत, पण म्हणाले, "खोल पोरी. माह्या समोर खोल."

"आधी एक सांगा काकाजी. मशीन घरी कुठं ठेवलं होतं?"

"शोकेसमधी, टीव्हीच्या बाजूले. काच काढून ठेवली, हवा लागाव म्हून."

"मधी दुरुस्तीले दिलं होतं?"

"नवंकोरं घेतलं, होळीच्या आसपास. याच्याच हातून." त्यांनी अंकुरकडे बोट केलं. "तवापासून घराबाहेर गेलं नाई."

दीक्षानं पहिला स्क्रू फिरवला. बॉडी खरंच नवीकोरी होती. पंखाही नवा. पंखा काढला, खालच्या पात्या दिसल्या आणि किशोरच्या तोंडून "आँ?" निघालं.

पात्यांवर पांढरं किटण चढलं होतं.

३

दीक्षानं नखानं किटण खरवडलं आणि काही विचार न करता जिभेला लावलं.

खारट.

कितीतरी दिवसांत तिच्या जिभेला पहिल्यांदा चव कळली. चहा कसा लागतो, भाजी कशी झाली, हे तिला आताशा कोणी विचारायचं नाही. पण हे मीठ तिला कळलं.

"हे खारपानपट्ट्याचं मीठ हाय," ती म्हणाली.

वऱ्हाडातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. अकोल्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत आणि इकडे मूर्तिजापूरपर्यंत पूर्णेच्या काठची जमीन अशी आहे, की बोअरला पाणी लागतं ते खारट. तिकडे कूलरच्या टाकीत तेच पाणी पडतं, कूलरचा पंखा ते हवेत उडवतो, आणि समोर जे असेल त्यावर उन्हाळाभर पांढरा थर बसतो. अमरावती-बडनेऱ्याला नळाला धरणाचं गोडं पाणी. खुशालरावांच्या शोकेसमध्ये हे मीठ जन्मात आलं नसतं.

बोर्डाच्या एका कोपऱ्यात, चिपपासून लांब, असाच एक पांढरा ठिपका होता. तोही तिनं नखानं काढला. तो भुगा न होता नखात चिकटून बसला. तिनं नख ओढणीला पुसलं आणि पुढे पाहू लागली.

"ताई, बोर्ड पाहा," किशोर वाकून म्हणाला. "हिरवा हाय."

"मंग?"

"आपन दोन वर्षांपासून काळे बोर्ड वापरून राहिलो. हिरवे फक्त पैल्या खेपेले होते. संघपालदादानं सोता जोडले होते. थे इकले नाई आपन."

विकले नव्हते, हे दीक्षालाही आठवलं. पहिल्या खेपेतले बहुतेक जळाले. जे चालले ते तीन. एक अंकुरनं तेल्हाऱ्याला आपल्या घरी नेला, एक किशोरनं अकोल्याला, आणि एक संघपालनं आपल्या वडिलांकडे लावला.

तिन्ही घरं खारपाणपट्ट्यातली.

खुशालरावांचा चेहरा बदलला. "म्हंजे मले नवं म्हून जुनं देल्लं?"

"देल्लं काकाजी. कोनाचं, थे पाहतो मी. सोमवारपर्यंत थांबा."

"सोमवारपर्यंतच," ते म्हणाले, आणि डबा मात्र टेबलावरच ठेवून गेले.

४

दीक्षानं त्या दिवशी आणखी एक काम केलं. जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. पुसदच्या मास्तरांना, परतवाड्याच्या मेडिकलवाल्याला, असे बरेच. सगळ्यांना एकच विचारलं, सेटिंगचं पान उघडा, दुसऱ्या रकान्यात काय आहे?

काही नाही. सगळीकडे रिकामा.

तिनं किशोरला समोर बसवलं. किशोर हा अकोल्याहून रोज गाडीनं ये-जा करणारा, जेमतेम तिशीचा, बोलायला कंजूष. हाताला बारीक भाजल्याच्या खुणा.

"चोरीच करायची असती त संघपालनं सगळ्याच मशीनमधी पत्ता घातला असता का नाई?"

"घातला असता."

"एकाच मशीनमधी घालून काय फायदा? लाखात एकाले लागते. एकाच मशीनवर डोळा ठेवून बसनारा चोर म्हंजे जत्रेत एकाच मानसाच्या खिशामांगं जलमभर फिरनारा."

किशोरला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. या बाईसमोर हसावं की नाही हे हिवाळ्यापासून दुकानात कोणालाच ठरवता येत नव्हतं.

"हे मशीन कोनं जोडलं?" तिनं विचारलं.

"मले नाई ठाऊक ताई. मी बहिनीच्या लग्नात होतो. मी गेलो तवा दुकानात एक चिप नव्हती, सगळ्या बंदरावर अडकल्या होत्या. आलो त खुशालरावचं मशीन पॅक होऊन गेलं होतं. मी विचारलं, चिप कुठून आनली? अंकुरदादा म्हने, पुन्याहून एक भेटली."

"तुह्या घरचा दाणा कुठं हाय?"

किशोरचा चेहरा एकदम उतरला. मग तो म्हणाला, "उद्या आनतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवीतून आणला. हिरवा बोर्ड, पात्यांवर मिठाचा थर, आणि वर कोणीतरी केसांची रबरं अडकवलेली.

"बंदच पडून होता ताई," तो ओशाळून म्हणाला. "बायकोनं पेपरवेट केला. संघपालदादानं एवढ्या हौसेनं देल्ला होता, म्हून सांगायची लाज वाटली."

तीनातला एक गेला. उरले दोन, आणि त्यातला एक अंकुरचा.

५

"माह्या घरचा?" अंकुर म्हणाला. "असंन न घरी. काहून?"

"पाहायचा हाय."

"तेल्हाऱ्याले जाऊन?"

"फोन लाव."

अंकुरनं व्हिडिओ कॉल लावला. त्याची आई, शकुनबाई, अंगणात सरकी वाळत घालत होत्या. फोन घेऊन त्या घरभर फिरल्या, मध्येच फ्रिज दाखवला, मग भिंत, मग स्वतःचा कान. शेवटी कूलरसमोरच्या स्टुलावर दाणा दिसला. पंखा फिरत होता.

"हा पाय, चालू हाय," शकुनबाई म्हणाल्या. "अन् दीक्षा, कशी हायस वो माय? बारीक झाली. जेवत जाय."

"जेवतो मावशी."

फोन बंद झाला. अंकुरनं हात पसरले. "झालं समाधान? मी आधीच म्हनत होतो. जुन्या सामानातला एखादा बोर्ड संघपालनं ठेवला असन कुठं तरी. त्यानंच त्यात पत्ता घातला. नाव त्याचंच हाय ना वहिनी. नाव खोटं बोलते का?"

किशोरचा दाणा किशोरकडे होता, अंकुरचा अंकुरकडे. तिसरा डोमाजींकडे, गावात, संघपालनं लावला तिथेच, बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर चालू असणार. तिनं तसं धरूनच चाललं होतं. खात्री केली नव्हती. कारण संघपालच्या पुण्यानुमोदनानंतर ती गावाला गेलीच नव्हती. त्या घरात संघपालच्या चपला होत्या.

ती पुन्हा मशीनकडे वळली. किटण नीट पाहावं म्हणून तिनं वाटीत पाणी घेतलं आणि पात्यांवरचं मीठ त्यात खरवडून टाकलं. बोर्डाच्या त्या कोपऱ्यात अजून एक पांढरा थेंब चिकटलेला होता. तोही टाकला. मीठ विरघळलं, पाणी गढूळ झालं.

थेंब विरघळला नाही. पाण्यावर तरंगत राहिला.

दीक्षानं तो बोटात घेतला आणि चोळला. मऊ झाला. कालचं नखात चिकटलेलं तिला आठवलं.

मेण होतं ते. मेणबत्तीचं.

अंकुरच्या घरी देवापुढे तेलाचा दिवा लागतो. किशोरच्या घरी तर मशीन पेपरवेट झालं होतं. सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती लावून वंदना होते असं तिघांतलं घर एकच.

"किशोर," दीक्षा म्हणाली, "मूर्तिजापूरची गाडी किती वाजता हाय?"

अंकुरच्या हातातला पेन खाली पडला, आणि त्यानं तो उचलला नाही.

६

डोमाजी दारातच बसले होते. शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेवर फाटकवाले म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. गाडी बंद झाली, फाटक राहिलं, मग तेही कोणीतरी नेलं. तरी रुळांच्या बाजूनं कोणी आलं की ते अजून उठून उभे राहत.

"जयभीम बाबा."

"जयभीम. आली का वो." एवढंच म्हणाले. इतके दिवस का नाही आलीस, हे विचारलं नाही.

दीक्षा आत गेली. चपला दाराजवळ तशाच होत्या. ती त्यांना ओलांडून पुढे गेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली फळी, फळीवर मेणाच्या जुन्या थेंबांची रांग. समोर कूलर. आणि मधोमध, जिथे दाणा होता तिथे, एक रिकामा चौकोन.

"बाबा, मशीन कुठं गेलं?"

"अंकुरनं नेलं ना. पुन्यानुमोदनानंतर आला होता थो, भेटायले. म्हने, बाबा, यात नवीन प्रोग्रॅम टाकून आनतो. मी म्हनलं, ने बापा. तुमी दोघं मिळूनच बनवलं होतं." डोमाजी फळीकडे पाहत राहिले. "त्याचा घूंऽऽ असा आवाज यायचा. झोपेत बी यायचा. आता लय शांत वाटते घर."

"दुसऱ्या रकान्यात पत्ता कोनाचा होता बाबा? ठाऊक हाय?"

"माहाच. अथी नेट सारखं जाते, म्हून संघपालनं दोन्हीकडं माहा पत्ता घातला. म्हने, एक रस्ता बंद पडला त दुसऱ्यानं जाईन. नाव मात्र आपलं घातलं येड्यानं. म्हने, बाबा, मशीनचं नाव संघपाल. मी नसलो त हे तुमच्याजवळ राहीन."

दीक्षानं मान हलवली. ऐकलं, कळलं, आणि आत काही हललं नाही. तिनं फक्त पुढचं विचारलं.

"त्या पत्त्याची चाबी?"

डोमाजींनी आवाज खाली आणला. "बारा शब्द हायेत, थे टाकले का खातं उघडते. कागदावर लिहू नका म्हने, पाठ करा. अन् कोनालेच सांगू नका, दीक्षाले बी नाई. सकाळी वंदना झाली का मी थे मनातल्या मनात म्हनतो. एक दिवस चुकलो नाई. इंग्रजी हायेत, मले त्यातले दोनच समजतात. कॉटन अन् ट्रेन."

७

सोमवारी खुशालराव आले तेव्हा दुकानात चौघं होती. दीक्षा, किशोर, अंकुर आणि संघपालच्या खुर्चीत अंग चोरून बसलेले डोमाजी.

दीक्षानं मशीन पुढे ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. आवाज गिऱ्हाइकाला पंखा कसा पुसायचा हे सांगतानाचा होता.

"काकाजी, हे मशीन या बाबांचं. बोर्ड हिरवा म्हून पैल्या खेपेचा, मीठ लागलं म्हून खारपानपट्ट्यातला, मेन लागलं म्हून वंदनेच्या फळीवरचा. असं एकच मशीन होतं. तुमची ऑर्डर झाली होती, चिपा अडकल्या होत्या अन् तुमी रोज येऊन दुकानात बसत होते."

"बसत होतो," खुशालराव म्हणाले. "घरी बायको बसू देत नव्हती."

"अंकुरनं बाबांचं मशीन आनलं, नवी बॉडी अन् नवा पंखा घातला, पैल्या रकान्यातला पत्ता पुसून तुमाले देल्लं. दुसऱ्या रकान्यात आपल्या मशीनमधी कदी काही नसतेच, म्हून त्यानं पाहिलाच नाई. गावात नेट जाते म्हून संघपालनं थो भरला होता. त्या दुपारी सर्व्हर बंद पडला, मशीन जुन्या रस्त्यानं गेलं, अन् तवाच बक्षीस लागलं. चोरी संघपालनं नाई केली. तुमी मशीन इकत घ्यायच्या आधी पत्ता तथी होता."

सगळे अंकुरकडे पाहत होते. अंकुरनं मान वर केली नाही.

"चिपा आल्या का दुसरं बनवून बाबाले देनार होतो," तो म्हणाला. "आईशपथ वहिनी. विसरून गेलो. तुमी परवा सेटिंगचं पान उघडलं तवा मले समजलं."

"तवाच समजलं?"

"तवाच."

"म्हून बॉडी खोलू देत नव्हता."

अंकुरनं खालमानेनंच होकार दिला.

"मशीन नेलं थे सोड अंकुर," दीक्षा म्हणाली. "चिप भेटली नाई, गिऱ्हाईक मांगं लागलं, घाईत झालं. पन संघपालचं नाव काहून नेलं? तू समोर उभा होता. तुले ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता."

अंकुरला रडू फुटलं. रडता रडता तो डोमाजींच्या पायाशी बसला. डोमाजींनी त्याला उठवलंही नाही आणि दूरही केलं नाही. थोड्या वेळानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बाहेरच्या पाटीवर त्याचं नाव हाय, थे साफ कर अंकुर. धूळ बसली लय." एवढ्यावर त्यांनी ते प्रकरण संपवलं. दीक्षानं मात्र संपवलं नाही. "दुकानाची चाबी ठेव," ती म्हणाली. अंकुरनं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, कपडा ओला केला आणि बाहेर पाटी पुसायला गेला.

आता खुशालराव अस्वस्थ झाले. सोबत आणलेल्या शेजाऱ्यांचं काय करावं हे त्यांना कळेना.

"म्हंजे बक्षीस यांचं," ते डोमाजींकडे पाहून म्हणाले. "मशीन यांचं, पत्ता यांचा. मी मेल्या मानसाले चोर म्हनलो."

"वीज कोनाची जळाली?" डोमाजींनी विचारलं.

"माही."

"घर कोनाचं?"

"माहंच. पन..."

"तुमचं वावर हाय ना? बटईनं देता का नाई?"

खुशालरावांनी डोमाजींकडे नीट पाहिलं. बटई त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत, पीक निम्मं निम्मं. तीन पिढ्या त्यांच्या घरात असंच चाललं होतं. फक्त आजवर पीक मशीनमधून कधी निघालं नव्हतं.

"बियानं तुमचं, वावर माहं," ते हळूच म्हणाले. "निम्मं निम्मं."

"झालं मंग," डोमाजी म्हणाले.

८

पैसे पाठवायचे तर ते बारा शब्द लागणार होते. दीक्षानं सगळ्यांना बाहेर बसवलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दुपार होती. बाहेर खुशालराव शेजाऱ्यांना बटईचं गणित पहिल्यापासून समजावत होते.

"सांगा बाबा."

डोमाजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणायला लागले. गाथेच्याच चालीत. इंग्रजी शब्द त्या चालीत ओढून ओढून येत होते, आणि चौथ्या शब्दानंतर एक श्वास, आठव्यानंतर एक. तो श्वास त्यांचा नव्हता. संघपाल असंच बोलायचा, चार शब्द झाले की थांबायचा, लहानपणीच्या दम्यामुळे. त्यानं शिकवताना जिथे श्वास घेतला तिथेच डोमाजी रोज घेत आले होते.

दीक्षा टाइप करत होती. बोटं थांबली नाहीत. बाराव्या शब्दाला खातं उघडलं. पत्ता दुसऱ्या रकान्यातलाच होता, आणि बक्षीस तिथेच पडून होतं.

तिनं अर्धं खुशालरावांकडे पाठवलं. उरलेल्यासाठी नवं खातं उघडून ते तिकडे हलवलं. एकदा तोंडाबाहेर पडलेले शब्द पुन्हा कुलपाला वापरायचे नाहीत, ही संघपालचीच शिकवण.

"झालं बाबा. जुनं खातं खाली झालं. आता त्या शब्दांनी काही उघडत नाई."

डोमाजींचे हात अजून जोडलेलेच होते.

"मंग," ते म्हणाले, "उद्यापासून थे शब्द म्हनायचे नाई का मी?"

दीक्षानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. गालावरून काहीतरी ओघळत ओठांवर आलं. तिला वाटलं घाम असेल. मग तिला खारट लागलं, आणि मग ते थांबेचना. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, हिवाळ्यात रडायचं राहिलं होतं तेवढं सगळं. डोमाजी शेजारी बसून राहिले.

"म्हना बाबा," ती शेवटी म्हणाली. "रोज म्हना. मलेबी शिकवा."

डोमाजींनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.